दहा वर्षांच्या स्थूल लॅब्रॅडॉरसाठी खाद्य निवडताना

आपल्या प्रश्नाचा सारांश मी आधी लिहितो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही समजेल. जुळे सोलापुरातील आपल्या घरी राणी नावाची दहा वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिचे वजन ४१ किलो भरते आणि सकाळी उठताना तिचे मागचे पाय ताठरतात. तिला रोज दोन मोठ्या वाट्या पाकिटातले कोरडे खाद्य, संध्याकाळी आजोबांच्या हातची दूध-भाकरी आणि चहाच्या वेळी बिस्किटे मिळतात. घरात मांसाहार शिजत नाही. दुकानदाराने ‘सीनिअर’ लिहिलेले पाकीट सुचवले आहे, तर शेजाऱ्यांनी ‘वय झाले, आता प्रथिने कमी करा, किडनीवर ताण येतो’ असा सल्ला दिला आहे. या दोन्हींतून नेमके कोणते खाद्य घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या दवाखान्यात हाच प्रश्न वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो पाकिटाच्या नावापासून सुरू होतो. प्रत्यक्षात पाकिटाची निवड तिसऱ्या टप्प्यावर येते. त्याआधी वजन वाढण्यामागे एखादा आजार नाही ना, हे पाहावे लागते आणि मग राणीच्या पोटात दिवसभरात एकूण किती उष्मांक जातात, याचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब न मांडता महागातले महाग खाद्य आणले तरी वजन जागचे हलत नाही आणि दोष मात्र खाद्यावर येतो.

आजाराबद्दल थोडक्यात सांगतो. थायरॉइडचे स्राव कमी झाले की कुत्रा कमी खाऊनही वाढतो, सुस्तावतो आणि त्याची कातडी व केस निस्तेज होतात. कुशिंग नावाच्या आजारात पोट सुटते, तहान, भूक आणि लघवी वाढते. खाजेसाठी दिलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडमुळे किंवा फिटसाठी चालू असलेल्या फेनोबार्बिटोनमुळेही भूक बेसुमार वाढते, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. दहा वर्षांच्या कुत्रीचा आहार बदलण्यापूर्वी रक्ताची सर्वसाधारण तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी), यकृताची चाचणी, साखर, टी-फोर (थायरॉइडचे संप्रेरक) आणि लघवीची तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. केवळ टी-फोर कमी आले म्हणून लगेच थायरॉइडची गोळी सुरू करणे मात्र योग्य नाही, कारण दुसऱ्या आजारात आणि वर सांगितलेल्या औषधांमुळेही टी-फोर खाली उतरते. तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, यासह पूर्ण चाचणी करून मगच निर्णय घ्यावा लागतो.

आता वजनाकडे येऊ. ४१ हा आकडा एकटा फारसे सांगत नाही, कारण लॅब्रॅडॉरमध्येही हाडापेराने मोठी आणि लहान कुत्री असतात. म्हणून आम्ही शरीरस्थितीला एक ते नऊ गुण देतो. चार-पाच गुण म्हणजे योग्य बांधा, आणि पाचच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजन. हे घरी पाहता येते. आपला हात सपाट पसरून दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवावीत. तिथे हाडे जशी सहज लागतात, तशा राणीच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. त्याऐवजी तळहातावरून बोटे फिरवल्यासारखे वाटले, म्हणजे दाबल्याशिवाय हाड लागलेच नाही, तर वर चरबीचा थर आहे. मग ती उभी असताना वरून पाहावे, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसते का, आणि बाजूने पाहावे, पोट मागे वर चढते का. आपण लिहिले आहे की तिची कंबर दिसत नाही आणि शेपटीच्या बुडाशी चरबीची गादी झाली आहे. तेवढ्यावरून मी तिला आठच्या आसपास गुण देईन. त्या हिशेबाने तिचे योग्य वजन साधारण ३१ किलो ठरते. प्रत्यक्ष हात लावून तपासणारे डॉक्टर हा आकडा किलो-दोन किलोने बदलू शकतील.

योग्य वजनावरून उष्मांक काढण्याची पद्धत मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर जमते. वजनाला वजनाने दोनदा गुणावे, आलेल्या आकड्याचे दोन वेळा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. ३१ गुणिले ३१ गुणिले ३१ म्हणजे २९,७९१. दोनदा वर्गमूळ काढल्यावर सुमारे १३.१, आणि ७० ने गुणल्यावर सुमारे ९२०. विश्रांत अवस्थेत ३१ किलोच्या कुत्रीला दिवसभरात एवढ्या कॅलरी लागतात आणि वजन उतरवायचे असेल तेव्हा आम्ही सुरुवात याच आकड्यापासून करतो. आपण राणीसाठी ९०० धरू. येथे कॅलरी म्हणजे पाकिटावर लिहिलेली किलोकॅलरी समजावी. हा आकडा सुरुवातीचा आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते आणि नसबंदीनंतर तर ती पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. खरा निकाल पुढे वजनकाटाच देतो.

आता सध्याचे खाणे याच मापाने मोजून पाहू. आपली ‘मोठी वाटी’ किती ग्रॅमची आहे, हे आपण लिहिलेले नाही. परंतु घरोघरी वापरली जाणारी स्टीलची मोठी वाटी शीग लावून भरली तर तिच्यात ११५ ग्रॅमच्या आसपास कोरडे खाद्य मावते, आणि तीच वाटी सपाट भरली तर पंधरा-वीस ग्रॅम कमी मावते. घरात तीन जण वाटी भरणारे असतील तर तीन मापे होतात. दोन शिगोशीग वाट्या म्हणजे २३० ग्रॅम, आणि नेहमीच्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी धरल्या तर सुमारे ८००. साठ-सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी सुमारे २२० कॅलरींची असते. तिच्यावर ओतलेले दीडशे मिलिलिटर म्हशीचे दूध म्हणजे आणखी १६०. सहा ग्लुकोज बिस्किटे म्हणजे साधारण १३०. एकूण बेरीज तेराशेच्या पुढे जाते. त्यात मूठभर शेंगदाणे पडत असतील तर तीस ग्रॅमलाच १७० कॅलरी आणखी वाढतात. आपल्याकडे शेंगा घरात असतातच, म्हणून हे मुद्दाम लिहितो. शेंगाचटणी लावलेला घास तर कधीच देऊ नये, कारण तिच्यातला लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतो, कांद्याचेही तेच.

या बेरजेत एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्याला आपण ‘जेवण’ म्हणता, ते कोरडे खाद्य एकट्याने ९०० च्या आतच आहे. वरखर्चाचे पाचशेहून अधिक उष्मांक भाकरी, दूध आणि बिस्किटांतून येतात, म्हणजे एकूण खाण्याच्या जवळजवळ चाळीस टक्के. पोषणशास्त्राचा रूढ नियम असा, की खाऊ आणि वरचे खाणे मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. राणीच्या बाबतीत ते ९० कॅलरी होतात.

मग बिस्किटे आणि दूध-भाकरी बंद करून आहे तेच खाद्य मापून दिले तर चालणार नाही का? तरुण आणि किंचित जाड कुत्रीसाठी मी तसेच सांगितले असते. राणीचे वय आणि तिचे दहा जादा किलो पाहता येथे प्रथिनांचा प्रश्न येतो. नेहमीच्या खाद्यात २२ टक्के प्रथिने असतील तर ९०० कॅलरींसाठी लागणाऱ्या सुमारे २५७ ग्रॅममधून तिला ५७ ग्रॅम प्रथिने मिळतील. ३० टक्के प्रथिने आणि १०० ग्रॅमला ३०० कॅलरी असलेले खाद्य घेतले, तर तेवढ्याच कॅलरींत ३०० ग्रॅम खाद्य आणि ९० ग्रॅम प्रथिने मिळतील. ताटलीही भरलेली राहील. वयाबरोबर कुत्र्याचे स्नायू आपोआप झिजतात. त्यात उपासमारीने वजन उतरवले तर चरबीसोबत स्नायूही जातात आणि ताठरलेल्या मागच्या पायांना आधार देणारे तेच असतात. शिवाय नेहमीच्या खाद्यातील जीवनसत्त्वे आणि खनिजे पूर्ण मापाने खाणाऱ्या कुत्र्याचा विचार करून घातलेली असतात. माप फार कापले की तीही कापली जातात.

शेजाऱ्यांचा सल्ला आपुलकीचा आहे, पण निरोगी मूत्रपिंड असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिने केवळ वयामुळे कमी करण्यास आधार नाही. उलट तरुण कुत्र्यापेक्षा त्याला ती अधिक लागतात. क्रिएटिनिन वाढलेले निघाले आणि मूत्रपिंडाचा आजार ठरला तर गोष्ट वेगळी. तेव्हा फॉस्फरस कमी असलेले आणि प्रथिने बेताची ठेवलेले खास खाद्य द्यावे लागते आणि वजन उतरवण्याची घाई मागे ठेवावी लागते. तपासणी आधी करा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता पाकिटाकडे. ‘सीनिअर’ या शिक्क्यावर मी फारसा विसंबत नाही. अनेक कंपन्या आफ्को या अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेच्या ज्या मानकांचा दाखला देतात, त्यांत वाढीचे वय आणि प्रौढ वय यांसाठी पोषणाची मापे आहेत, म्हातारपणासाठी वेगळे माप नाही. त्यामुळे एका कंपनीचे सीनिअर खाद्य हलके असते, तर दुसरीचे नेहमीच्या खाद्याइतकेच जड. ‘लाइट’ या शब्दाला मात्र त्याच मानकांत अर्थ आहे: कोरड्या खाद्यात किलोला ३,१०० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा नसावी. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तो नियम पाळला असेलच असे नाही, म्हणून शिक्का सोडून मागच्या बाजूचा तक्ता वाचावा.

त्या तक्त्यात ऊर्जा दिलेली नसेल तर ती काढता येते. समजा, प्रथिने २२, स्निग्धांश १४, तंतू ४ आणि ओलावा १० टक्के लिहिला आहे. राख बहुधा लिहिलेली नसते. ती ७ धरावी. या सगळ्यांची बेरीज ५७ होते. शंभरातून वजा केल्यावर उरलेले ४३ म्हणजे पिष्टमय पदार्थ. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थांना प्रत्येकी साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममागे सुमारे ३४७ कॅलरी येतात. राणीसाठी असे खाद्य जड आहे. तिच्यासाठी १०० ग्रॅममागे ३१० च्या आत कॅलरी, २८ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक प्रथिने आणि नेहमीपेक्षा जास्त तंतू असलेले खाद्य शोधावे. दुकानात उभ्या उभ्या हा हिशेब मांडायला पाच मिनिटे लागतात. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्यावे.

या मापात नीट बसणारी खाद्ये मुख्यतः डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणाऱ्या वजन उतरवण्याच्या खाद्यांत असतात: रॉयल कॅनिनचे सॅटायटी, हिल्सचे मेटाबॉलिक, फार्मिनाचे व्हेट लाइफ ओबेसिटी ही त्यांतली परिचित नावे. तिघांत उडदामाजी काळे-गोरे करण्यात मी वेळ घालवत नाही. जे आपल्याला सोलापुरात खंड न पडता मिळेल, राणीला रुचेल आणि पचेल, ते घ्यावे आणि पाकीट अर्धे झाले की पुढचे मागवावे. मधेच संपून चार दिवस पुन्हा जुने खाद्य सुरू झाले की घडी विस्कटते. ही खाद्ये महाग आहेत, हे मान्य. तरीही किलोचा भाव न पाहता दिवसाचा खर्च काढावा आणि त्यातून बंद होणारे दूध-बिस्किटांचे पैसे वजा करावेत. ते परवडणारे नसेल तर वरचा हिशेब लावून निवडलेले लाइट खाद्य ही दुसरी चांगली वाट आहे.

‘ग्रेन-फ्री’, म्हणजे धान्यविरहित खाद्याचा आग्रह कोणी धरला तर तो मनावर घेऊ नये. धान्याने कुत्री जाड होत नाहीत, जादा उष्मांकांनी होतात. धान्याऐवजी वाटाणा-मसुरासारखी कडधान्ये भरपूर घातलेल्या काही खाद्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण म्हाताऱ्या कुत्रीला विनाकारण तिकडे नेण्यात अर्थ नाही.

पूर्ण घरचे जेवण देण्याबद्दल आपण विचारले आहे. मांसाहार आणि अंडी वर्ज्य असलेल्या घरात, तेही ९०० कॅलरींच्या मर्यादेत, पुरेशी प्रथिने, कॅल्शियम, जस्त आणि जीवनसत्त्वे बसवणे फार अवघड आहे. भाकरी-दुधाने कुत्री जगते, पण तिला प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त मिळते. दही-पनीर वाढवावे तर चरबी वाढते. म्हणून आपल्या घरासाठी मी पाकिटातल्या खाद्यावर ८१० कॅलरी आणि घरच्या खाण्यावर ९० कॅलरी अशी विभागणी सुचवतो. १०० ग्रॅमला ३०० कॅलरींचे खाद्य असेल तर त्याचे माप दिवसाला २७० ग्रॅम होते. ते वाटीने न घेता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजावे.

उरलेल्या ९० कॅलरी आजोबांच्या. घरातील वडीलधाऱ्यांना ‘काही देऊ नका’ म्हटले की देणे थांबत नाही, फक्त ते आपल्या पाठीमागे सुरू होते, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा सकाळी एका लहान डब्यात पाव भाकरी आणि उकडलेल्या दुधी भोपळ्याच्या किंवा काकडी-गाजराच्या फोडी काढून तो डबा आजोबांच्या हाती द्यावा. दिवसभर कोणालाही राणीला काही द्यायचे असेल तर त्याच डब्यातून द्यायचे आणि डबा संपला की संपला. दूध पूर्ण बंद करून भाकरी बिनमिठाच्या पातळ ताकात कुस्करावी. शंभर मिलिलिटर ताकाला वीसेक कॅलरीच लागतात आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर धड पचत नाही, तोही प्रश्न सुटतो. द्राक्षे आणि बेदाणे मात्र या डब्यात कधीही येऊ नयेत. त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

आजोबांना पटवताना एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भरपूर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) ११.२ वर्षे, तर मापात खाणाऱ्यांचे १३ वर्षे भरले, आणि सांधेदुखीचा उपचारही त्यांना उशिरा लागला. ‘ती भुकेने बघत बसते’ ही तक्रार राहीलच. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की सुमारे पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पॉमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ अधिक असते. राणीची नजर म्हणजे दर वेळी रिकामे पोट असे समजू नये. दिवसाचे माप तीन वेळांत विभागावे, खाद्यात कोमट पाणी घालून ते फुगू द्यावे आणि ताटलीऐवजी फरशीवर पसरून शोधत खायला लावावे. एवढ्याने बराच फरक पडतो.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. आठ-दहा दिवसांत जुन्यातले थोडे कमी, नव्यातले थोडे जास्त करत पूर्ण बदलावे, नाहीतर जुलाब होतात. फिरणे हा वेगळा विषय आहे, म्हणून एवढेच सांगतो, की मागचे पाय दुखणाऱ्या कुत्रीला दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटांचे सावकाश चालणे पुरे, आणि मार्च ते जून या काळात सोलापूरच्या उन्हात ते सकाळी सात वाजण्याआधी किंवा रस्ता हाताला थंड लागेल तेव्हाच व्हावे. जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो. तसेच पाय दुखतात म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नये. तिने जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होते.

दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, शक्यतो सकाळी खाण्याआधी वजन करावे. राणीच्या वयाला आठवड्याला २०० ते ४०० ग्रॅम उतरले तरी मी समाधानी असेन. दहा किलो उतरायला सहा महिन्यांपासून वर्षभर लागू शकते, परंतु पायांना आराम मिळण्यासाठी तेवढे थांबावे लागत नाही. शरीराच्या सहा टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत अडीच किलो वजन उतरले तरी लंगडणे कमी झाल्याचे दिसून येते. महिनाभरात काटा हलला नाही तर आधी डब्याबाहेर काय जाते ते शोधावे, आणि खरोखरच काही जात नसेल तर माप दहा टक्क्यांनी कमी करावे. आठवड्याला ८०० ग्रॅमहून अधिक उतरू लागले तर माप तेवढेच वाढवावे. तिने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या किंवा ती अचानक खूप पाणी पिऊ लागली तर मात्र आहाराचा बेत बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

रक्त-लघवीचे अहवाल आल्यावर क्रिएटिनिन आणि टी-फोरचे आकडे, तसेच आपण पाहून ठेवलेल्या पाकिटावरचा तक्ता कळवावा. मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले असतील तर वर दिलेले प्रथिनांचे गणित राणीला लागू होणार नाही आणि खाद्य नव्याने ठरवावे लागेल. ते ठीक असतील तर २७० ग्रॅमपासून सुरुवात करण्यास हरकत नाही.